कोणता बकरा कोणाचा

लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात आणि चहा पिऊन जातात. मी तुमच्यामागे इद्दत पाळते आहे, परक्या पुरुषांसमोर जायचं नाही, त्यामुळे पडद्यामागे बसून ऐकावं लागतं. काल एक जण म्हणाला, युसूफभाई आयुष्यात कोणाला उलट बोलले नाहीत. मी आतून म्हणाले, "हा कोण्या दुसऱ्या युसूफच्या घरी आला असन." सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अम्मी, आता तरी." आता तरी म्हणजे काय? माणूस मेल्यावर बदलतो की काय?

चांगलं बोलतात ते बोलोत. माझी तक्रार वेगळी आहे. सगळा मोहल्ला येऊन गेला, पण त्या बकरीदचं नाव कोणी आपणहून काढलं नाही. मयताचा मान ठेवतात. त्यांना वाटतं, तुमच्याबरोबर तीही गोष्ट पुरली. आणि तुमच्या-माझ्यात अर्धा राहिलेला वाद तर त्याच गोष्टीचा आहे. इतकी वर्षं कोणी बोलावलं नाही, आणि मागच्या बकरीदला मोहल्ल्यातल्या हाजीसाहेबांनी तुम्हाला पुन्हा कुर्बानीचा बकरा कापायला बोलावलं. ते त्यांच्या मनानं की माझ्या सांगण्यावरून, एवढंच तुम्हाला कळून घ्यायचं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात नाकात नळी असतानाही तुम्ही विचारलं, "खैरुन, खरं सांग. हाजीले तूच सांगितलं ना?" मी नाही म्हणाले. तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढ्यात नर्स आली, तिनं मला बाहेर काढलं, आणि आपलं बोलणं तिथेच राहिलं.

म्हणून लिहिते आहे. अचलपूरच्या मराठी शाळेत मी चौथी पास झालेली आहे. उर्दू मला वाचता येते, लिहिता येत नाही. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हती. पण तिकडे मराठी वाचणारे आपल्या ओळखीचे पुष्कळ गेले आहेत. देशमुख वकील आहेत, त्यांना सांगा वाचून दाखवायला. दर रविवारी आपल्या दुकानातून नळीचं हाड फुकट नेत होते, एवढं तर करतील. घरात आपण आपली हिंदी बोलायचो, ती मी इथे मराठीत घालते आहे. कुठे चुकलं तर वकील सांभाळून घेतील.

मटणाचं दुकान बंद झालं तेव्हा तुम्ही नशिबाला दोष देत होता. नशिबाचा काही संबंध नव्हता. आपलं गिऱ्हाईक बाजाराच्या दिवशी यायचं, चांदूरकडून, मेळघाटाच्या पायथ्यापासून. कापूस विकायचा, लेकरांना कपडा घ्यायचा आणि जाताना मटण घेऊन एसटीत बसायचं. कापूसच येईना, तर मटण कोण नेणार? त्या वर्षांत बाजारात बकरी विकायला आणणारे जास्त आणि मटण विकत नेणारे कमी झाले. एक दिवस तुम्ही बसून राहिलात, संध्याकाळी सगळं मटण घरी आणलंत आणि म्हणालात, "पकव." आपण चार दिवस मटण खाल्लं. गरिबीत इतकं चांगलं जेवणारे आपणच असू.

मग तुम्ही कोंबड्यांच्या प्लांटात लागलात. अमरावतीच्या पुढे, अकोल्याच्या रस्त्याला. सकाळी कंपनीची गाडी परतवाड्याच्या नाक्यावर यायची. पहिल्या दिवशी तुम्ही आपला मटण तोडायचा सत्तूर पिशवीत घालून घेऊन गेलात. दरवाज्यावरच्या माणसानं तुम्हाला धरून बसवलं. त्याला वाटलं, कोणाला तरी मारायला आला आहे. मग वानखडे आला, तुमच्या विभागाचा साहेब. आपल्या मुलापेक्षा लहान. तो म्हणाला, "चाचा, हे घरी ठेवत जा. इथं सुरी कंपनीची." तुम्हाला ते लागलं. घरी येऊन तुम्ही मला म्हणालात, "दुसऱ्याच्या सुरीनं कापायचं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवायचं." मी म्हणाले, "पगार आपला आहे ना, मग जेवा."

तिथं वर साखळी फिरायची आणि तिला कोंबड्या उलट्या लटकलेल्या असायच्या, साफ होऊन, गार पाण्यातून निघून आलेल्या. खाली माणसं ओळीनं उभी. पांढरे बूट, डोक्याला जाळी, एका हाताला लोखंडी कड्यांचा मोजा. प्रत्येकाला एकच काप. कोणी पंख काढायचा, कोणी छाती सोडवायचा. तुमच्या वाट्याला डावी तंगडी आली. उजवी तंगडी पुढे उभ्या असलेल्या माणसाची. तुमच्या हातातून बकऱ्याची मागची रान, पुढचा दस्त, फासळीची चाप, छातीचा सीना, सगळं सुटून यायचं, कोणत्या घरी काय लागतं ते तोंडपाठ असायचं. आणि आता दिवसभर डावी तंगडी. पहिल्या आठवड्यात तुम्ही वानखडेला विचारलंत, "साहेब, हे कोणाच्या घरी जाणार?"

"नागपूरले, मुंबईले, हॉटेलात. तुमाले काय करायचं चाचा?"

"किती माणसं जेवणार ते माहीत पाहिजे ना. त्या हिशेबानं तुकडा पाडता येते."

वानखडे हसत हसत सगळ्या विभागाला सांगत सुटला. तुम्ही त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला विचारत होता. मलाही कळलं नव्हतं. मी तरी हसले. तुमचं तोंडच तसं झालं होतं.

आत थंडी फार. तुम्ही माझा स्वेटर आत घालायचात, तो गुलाबी फुलांचा, वरून कंपनीचा पांढरा कोट. एकदा कोटाचं बटण तुटलं आणि फुलं बाहेर आली. त्या दिवसापासून उजव्या तंगडीवाला तुम्हाला भाभी म्हणायला लागला. तुम्ही हे मला सांगितलं नाहीत. वानखडेनं सांगितलं, काल भेटायला आला तेव्हा. त्यातल्या त्यात तोच एक आपणहून खरं बोलून गेला.

हळूहळू तुम्हाला ते काम आवडायला लागलं. हे मात्र तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. साखळी वेगानं फिरवली तरी तुमचा हात मागे पडायचा नाही. कंपनीनं तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते आणलं आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला टाइम विचारायला घरी बोलावलंत. मग प्लांटाचं कौतुक सुरू झालं. तिथे कसं सगळं ओळीनं होतं, कोणी कोणाला हाक मारत नाही, काम कसं पाण्यासारखं पुढे जातं. एका शुक्रवारी मुलानं घरी कोंबडी आणली. तुम्ही कापायला बसलात. पंख उडवले, डावी तंगडी काढली, आणि कोंबडी बाजूला सरकवून हात पुसून बसलात. मी म्हणाले, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "काय?" उजवी तंगडी काढायला कोणी तरी येणार आहे असं तुम्हाला खरंच वाटत होतं. उरलेली कोंबडी मी कापली. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

त्या बकरीदला पाऊस नव्हता, बाजारात बकरे स्वस्त होते, आणि मोहल्ल्यात ज्यांनी कधी कुर्बानी केली नव्हती त्यांनीही बकरा आणला. कसाई मिळेना. सगळे हाजीसाहेबांच्या अंगणात जमले. तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "कोणालाच वाट पाहायची गरज नाही. प्लांटासारखं लावतो. जेवणाच्या आत सगळं साफ."

मी दारातून म्हणाले होते, "हे कोंबड्या नाहीत." आठवतं? नाही आठवत तुम्हाला. मी म्हणाले होते.

लिंबाच्या झाडापासून खांबापर्यंत दोर बांधला. नमाज झाली, एकेकाच्या नावानं एकेक बकरा हलाल झाला, इथपर्यंत सगळं ठीक. मग तुम्ही माणसं उभी केलीत. मजीद दर्जी खाल काढायला, कारण त्याला कपडा उसवायची सवय. हाजीसाहेबांचा जावई पुढच्या पायांना. चाप आणि सीना शाळेतले सय्यद मास्तर. रान तुमच्याकडे. दोरावरचा बकरा ढकलत पुढे न्यायचा. "हाताखालचं पाहा, तोंडाकडे पाहू नका," असं तुम्ही ओरडत होता, वानखडेच्या आवाजात. आणि काम चाललं हो. खरं सांगते, पाहत राहावं असं चाललं. बाया गच्चीवर चढून पाहत होत्या. लहान पोरं टाळ्या वाजवत होती. दर्जीसुद्धा आपल्याला हे जमतं म्हणून मिशीत हसत होता. ऊन चढायच्या आत दोर रिकामा झाला. तुम्ही हात धुतले, चारी बाजूंना पाहिलं. तुमच्या तोंडावर तसा आनंद मी मुलगा झाला तेव्हाही पाहिला नव्हता.

हाजीसाहेब पुढे आले, हातात परात घेऊन. म्हणाले, "वा युसूफ. आता माझा बकरा दे."

तुम्ही म्हणालात, "कोणता?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, म्हणून मग एकेक जण हसायचं थांबला. अंगणात टोपली मांडलेली होती. एका टोपल्यात सगळ्या राना, एकात सगळे दस्त, एकात सगळ्या चापा. एका घमेल्यात सगळ्यांच्या कलेज्या. सुंदर रचून ठेवलेलं होतं सगळं. फक्त कोणाचं काय, ते एका अल्लाला माहीत.

हाजीसाहेबांनी तो बकरा वर्षभर घरात पाळला होता. हरभरा खाऊ घालायचे, अंघोळ घालायचे. दर्जीचा बकरा बाजारातून ओढत आणलेला, त्याच्या फासळ्या लांबून मोजता यायच्या. आता दर्जीची बायको गच्चीवरून ओरडून सांगायला लागली की त्या सगळ्यात मोठ्या दोन राना आमच्याच, आमचा बकरा दिसायला बारीक होता पण मागून भरलेला होता. सय्यद मास्तर म्हणाले, शांततेनं घ्या. त्यांना कोणीतरी सुनावलं, "मास्तर, तुमच्या चापा कापण्यानंच अर्धा घोटाळा झाला." हाजीसाहेबांनी सिऱ्यांच्या ढिगातून आपल्या बकऱ्याचं डोकं शोधून काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "हे तर माझंच आहे! याच्या मागचं कुठी गेलं ते सांग!"

आणि तुम्ही? माफी मागायची सोडून समजावून सांगत होता. "हाजीसाहेब, प्लांटात असंच होते. नग मोजून घ्या. नग बरोबर आहेत."

"मी नग नाही कापला, युसूफ! मी माझ्या हातानं वाढवलेला जीव कापला!"

मग मौलवीसाहेबांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि सांगितलं की कुर्बानी प्रत्येकाच्या नावानं झाली आहे, ती कबूल आहे. गोश्त आपसात राजीखुशीनं वाटून घ्या. राजीखुशीनं म्हटल्याबरोबर पुन्हा आरडाओरडा सुरू झाला.

फाटकात बाया उभ्या होत्या. आपल्या ओळखीच्या नव्हत्या, खेड्यातून आलेल्या, शेतात काम नव्हतं म्हणून शहरात फिरणाऱ्या. ईदचा गरिबांचा हिस्सा घ्यायला आल्या होत्या आणि भांडण ऐकून मागे सरकत होत्या. तेव्हा मी अंगणात आले. दुकानाचा तराजू घेऊन. हाजीसाहेबांना म्हणाले, "गरिबांचा वाटा कोणाच्या बकऱ्यातून गेला यावर तर भांडण नाही ना?" मग मी मोठ्या राना आधी त्यांनाच वाटून टाकल्या. भांडायला मोठ्या राना उरल्याच नाहीत. हाजीसाहेब म्हणाले, "भाभी, तुम्ही हे काय केलं!" मी म्हणाले, "हज करून आलात, आता तोंड बंद करा." सगळ्या मोहल्ल्यासमोर म्हणाले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. बाकीचं सारखं वाटलं. तितकं चांगलं गोश्त त्या बायांना कधी मिळालं नसेल. तुमच्या प्लांटाचा तेवढा एक फायदा झाला.

त्यानंतर मोहल्ला तुम्हाला कंपनी म्हणायला लागला. "कंपनी कुठी चालली?" "कंपनीनं नमाज पढली का?" त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही, तुम्ही उलटून चार शब्द सुनावायचात. पण पुढच्या बकरीदला अकोल्याहून कसाई आला. त्याच्या पुढच्या ईदलाही आला. दर बकरीदला नमाज पढून आलात की तुम्ही कपडे बदलायचात, कापायचे जुने कपडे घालायचात आणि ओट्यावर बसायचात. मी विचारलं तर म्हणायचात, "हवा चांगली आहे." हवा कशाची चांगली! समोरच्या घरातून सत्तूरचा आवाज यायचा आणि तुम्ही प्रत्येक घावाला डोळे बारीक करायचात. दुपार झाली की आत येऊन गुपचूप जेवायचात. मोहल्ल्यातलं कोणी ना कोणी वाटी पाठवायचं. ती वाटी तुम्ही बाजूला सारायचात. ईदच्या दिवशी मी तुमच्याशी भांडत नसे. वर्षात तेवढा एकच दिवस.

प्लांटातून सुटलात. गुडघे गेले. मागच्या बकरीदला ओट्यावर बसायलाही तुम्हाला भिंत धरावी लागली. आणि हाजीसाहेबांचा नातू आला. म्हणाला, "दादाजींनी बोलावलं. हत्यार घेऊन या म्हणाले."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तेव्हाच तुमच्या डोक्यात ते शिरलं. मी तव्यावर पोळी टाकत होते, माझ्या तोंडावर काही नव्हतं, पण तुम्ही त्यातही काहीतरी वाचलंत. वाचता येत नाही तिथेच वाचायची सवय तुम्हाला.

गेलात आणि दुपार उलटली तरी परत आला नाहीत. हाजीसाहेबांची सून धावत आली, "चाची, चला, चाचांना समजवा. सकाळपासून पोटात काही नाही. कलेजी आली की तोंडात घालायची म्हणून सगळे बसून आहेत, आणि चाचा कलेजी द्यायलाच तयार नाहीत." मी गेले. एकच बकरा होता आणि तुम्ही त्याच्यासमोर असे बसला होता जसं कोणी लग्नाच्या शालूवर वेलबुट्टी भरतं. एकेका तुकड्यावर थांबत होता. "धाकट्या सुनेला काय लागते? किती माणसं जेवणार? लेकीकडे पाठवायचं का? मग हे वेगळं ठेवा." घरातले सगळे भिंतीला टेकून, भुकेनं तोंडं उतरलेली. हाजीसाहेब एकटे खुर्ची ओढून तुमच्यापुढे बसले होते आणि तुमच्या सुरीकडे पाहत होते. मी म्हणाले, "अहो, लोक मरून राहिले भुकेनं." तुम्ही वर न पाहता म्हणालात, "ही साखळी नाही, खैरुन."

घरी येऊन तुम्ही पोटभर जेवलात. मग सुरू झालं. तूच सांगितलं असन. कीव आली असन तुले. तू गेली असशील हाजीच्या बायकोकडे. मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, इतक्या वर्षांनी त्यांना कशी आठवण झाली? मी म्हटलं, मला काय माहीत. आणि मी सांगितलं असतं तर त्यांनी उलट कधीच बोलावलं नसतं, मोहल्ल्यात माझं कोण ऐकतं? हे तुम्हाला पटायला पाहिजे होतं. पटलं नाही. वर्षभर भाकरी वाढताना, पाय चेपताना, तेच. कीव करून बोलावलेल्या घरी आपण जाऊन बसलो, हे तुमच्या मनातून गेलं नाही. तसेच गेलात.

परवा हाजीसाहेब आले. आपला मुलगा त्यांना हात धरून घेऊन आला. ते पडद्याच्या त्या बाजूला बसले आणि तुमच्या नेकीबद्दल सुरू झाले. मी म्हणाले, "हाजीसाहेब, नेकी राहू द्या. एक विचारते, खरं सांगा. मागच्या ईदले तुमी ह्यांले बोलावलं, ते कावून?"

"भाभी, मरहूम इतका साफ दिलाचा माणूस..."

"दिल तर आधीही साफ होता. इतकी वर्षं नाही बोलावलं."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ते पडद्याजवळ आले. मुलाला पाणी आणायला आत पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभी, दात."

"काय दात?"

"माझे. वरचे सगळे गेले, खालचे हलून राहिले. अकोल्याचा तो कसाई सत्तूर असा हाणते की हाडाचा चुरा होते. तोंडात घास घेतला की कचकन लागते. दोन ईदा मी कलेजी खाऊन उठलो. घरात सांगितलं नाही, हसले असते. युसूफ सत्तूर उचलतच नव्हता. सांध्यात सुरी घालून सोडवत होता, त्या प्लांटातल्यासारखा. त्या घोटाळ्याच्या ईदलेही, भाभी, गोश्त कोणाचं होतं ते माहीत नाही, पण हाडाचा एक कण नाही लागला. तेव्हा रागात होतो, बोललो नाही."

"म्हणजे मी तुमाले काही सांगितलं नव्हतं?"

"तुमी?" हाजीसाहेबांचा आवाज एकदम मोठा झाला. "तुमचं मी कशाले ऐकू? तुमी मले सगळ्यांसमोर तोंड बंद करा म्हटलं होतं!"

ऐकलंत? वकिलांना पुन्हा वाचायला सांगा. मी सांगितलं नव्हतं. त्यांना कीव आली नव्हती. माफही केलं नव्हतं, त्या बकऱ्याचं नाव अजून काढतात. त्यांना ईदचं गोश्त खायचं होतं आणि साऱ्या अचलपुरात ते एका तुमच्याच हातचं खाता येत होतं. माझ्यापेक्षा तुम्हाला हाजीसाहेबांचं खरं वाटायचं, म्हणून त्यांच्या तोंडून काढून घेतलं. आता भिंतीकडे तोंड करून पडायची गरज नाही.

जाताना ते दारात थांबले आणि मला विचारायला लागले की भाभी, आता येत्या ईदला कोणाला बोलवायचं?

मी पडद्यामागूनच म्हणाले, "दात बसवून घ्या."